हिंदी महासागराच्या निरीक्षणातील आंतरराष्ट्रीय आणि आंतरसंस्थात्मक समन्वय : एक विवेचन

सारांश

समुद्राच्या निरीक्षणासाठी उपग्रह, तरंगती यंत्रे, भरतीमापक आणि संशोधन जहाजे यांचे मोठे जाळे आज अस्तित्वात आहे. हे जाळे कोणत्याही एका राष्ट्राच्या किंवा संस्थेच्या मालकीचे नाही. ते अनेकांच्या सहकार्यावर चालते आणि सहकार्य ढिले पडले की यंत्रे असूनही माहिती मिळत नाही. हिंदी महासागराच्या उदाहरणाद्वारे या समन्वयाची घडण, कार्यपद्धती, अडचणी आणि महाराष्ट्र व गोव्याच्या किनाऱ्याशी असलेला त्याचा संबंध यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : महासागर निरीक्षण, हिंदी महासागर, त्सुनामी इशारा, आर्गो, रामा, माहितीची देवाणघेवाण.

प्रस्तावना

२६ डिसेंबर २००४ रोजी सकाळी भारतीय प्रमाणवेळेनुसार ६ वाजून २८ मिनिटांनी सुमात्रा बेटाच्या पश्चिमेस समुद्रतळाशी ९.१ क्षमतेचा भूकंप झाला. हवाई बेटांवरील पॅसिफिक त्सुनामी इशारा केंद्रातील शास्त्रज्ञांनी या भूकंपाची नोंद घेऊन सुमारे पंधरा मिनिटांत पहिले निवेदन प्रसृत केले. परंतु ते केंद्र प्रशांत महासागरातील देशांसाठी स्थापन झालेले होते. हिंदी महासागराच्या काठावरील देशांत असे निवेदन रात्रंदिवस स्वीकारण्यासाठी, पडताळण्यासाठी आणि किनाऱ्यापर्यंत पोहोचविण्यासाठी कोणतीही सामायिक व्यवस्था नव्हती. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर लाटा पोहोचण्यास दोन तासांहून अधिक अवधी लागला. कार निकोबार येथील हवाई दलाच्या तळाला त्यांनी त्यापूर्वीच गाठले होते. तरीही मुख्य भूमीवरील गावांना इशारा मिळाला नाही. सोमालियाच्या किनाऱ्यावर लाटा सुमारे सात तासांनी धडकल्या आणि तेथेही शेकडो माणसे दगावली. या आपत्तीत चौदा देशांतील सुमारे २ लाख ३० हजार लोक मृत्युमुखी पडले. एकट्या भारतात दहा हजारांहून अधिक मृत्यू झाले आणि हजारो लोक बेपत्ता झाले.

या घटनेचे वर्णन बहुधा निसर्गाचा प्रकोप म्हणून केले जाते. तथापि भूकंप कळला होता आणि अनेक ठिकाणी वेळही उपलब्ध होता, ही बाब ध्यानात घेतली म्हणजे या हानीचा एक भाग समन्वयाच्या अभावातून उद्भवला, असे म्हणावे लागते. केनियामध्ये बातम्या पाहून प्रशासनाने किनारे मोकळे केले आणि तेथील जीवितहानी अत्यल्प राहिली. माहिती योग्य हाती पोहोचली तर काय घडू शकते, याचे हे बोलके उदाहरण होय.

उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१. महासागर निरीक्षणासाठी आंतरराष्ट्रीय समन्वय का आवश्यक ठरतो, हे स्पष्ट करणे.
२. हिंदी महासागरातील निरीक्षण व्यवस्थांची घडण आणि कार्यपद्धती यांचा परिचय करून देणे.
३. समन्वयाच्या मार्गातील कायदेशीर, आर्थिक आणि व्यावहारिक अडचणींचा विचार करणे.
४. कोकण किनाऱ्याच्या सुरक्षिततेशी या व्यवस्थेचा असलेला संबंध दाखविणे.

निरीक्षण एका राष्ट्राचे काम का नाही

जमिनीवरील पर्जन्यमापक एकदा बसविला की तो वर्षानुवर्षे त्याच जागी राहतो. समुद्रात मात्र मोजमापाची वस्तूच वाहती असते. बंगालच्या उपसागरातील कमी क्षारतेचे पाणी श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात येते. सुमात्राजवळ थंड झालेल्या पाण्याचा परिणाम पूर्व आफ्रिकेच्या पावसावर होतो. १९९९ साली साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता या भारतीय व जपानी शास्त्रज्ञांनी हिंदी महासागरातील द्विध्रुव या घटनेचे वर्णन केले. महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा उबदार आणि पूर्व भाग थंड होणे, किंवा याच्या उलट स्थिती निर्माण होणे, असे या घटनेचे स्वरूप आहे. ती ओळखण्यासाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून इंडोनेशियापर्यंतच्या पाण्याचे तापमान एकाच वेळी माहीत असावे लागते. एवढा पट्टा कोणत्याही एका देशाच्या अधिकारक्षेत्रात बसत नाही.

दुसरे कारण खर्चाचे आहे. खोल समुद्रात नांगरून ठेवलेल्या बोयाची साधारणतः दरवर्षी देखभाल करावी लागते. त्यासाठी मोठे संशोधन जहाज, प्रशिक्षित खलाशी आणि तंत्रज्ञ लागतात. महासागराच्या काठावरील बहुसंख्य देश विकसनशील आहेत आणि त्यांच्यापैकी थोड्यांकडेच अशी जहाजे आहेत. तिसरे कारण असे की मोजमापांची तुलना करावयाची असेल तर ती एकाच पद्धतीने घेतलेली असावी लागतात. दोन देशांनी दोन पद्धतींनी मोजलेली क्षारता शेजारी शेजारी मांडता येते, परंतु त्यांतील फरक पाण्याचा की उपकरणाचा, हे सांगता येत नाही.

सामुदायिक निरीक्षणाचा पहिला प्रयत्न

हिंदी महासागरातील सहकार्याचा आरंभ २००४ च्या आपत्तीपासून झाला, असे समजणे योग्य होणार नाही. १९५७ साली स्थापन झालेल्या महासागर संशोधनविषयक वैज्ञानिक समितीने या दुर्लक्षित महासागराच्या अभ्यासाची कल्पना मांडली. पुढे १९६० साली युनेस्कोअंतर्गत आंतरशासकीय महासागर आयोग अस्तित्वात आला आणि १९६२ पासून त्याने मोहिमेच्या समन्वयाची जबाबदारी स्वीकारली. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपक्रमात १९६५ पर्यंत सुमारे चाळीस जहाजांनी आणि डझनाहून अधिक राष्ट्रांनी भाग घेतला. भारतीय नौदलाचे ‘कृष्णा’ हे जहाजही त्यात सहभागी होते.

या मोहिमेचा महाराष्ट्र आणि गोव्याशी प्रत्यक्ष संबंध आहे. मुंबईतील कुलाबा वेधशाळेत १९६३ साली आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र सुरू करण्यात आले आणि महासागरावरील जहाजे, विमाने व किनारी केंद्रे यांच्याकडून येणाऱ्या नोंदी तेथे एकत्र होऊ लागल्या. या कामासाठी तेथे संगणकाचाही वापर करण्यात आला. मोहिमेतून निर्माण झालेले मनुष्यबळ आणि साहित्य विखुरले जाऊ नये, या हेतूने १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली. तिचे मुख्यालय आज गोव्यात दोनापावला येथे आहे.

या मोहिमेने एक धडाही दिला. प्रत्येक जहाजाने आपापल्या पद्धतीने घेतलेली मोजमापे पडताळून एकसूत्री करण्यास दीर्घ काळ लागला. क्लाउस विर्तकी यांनी सिद्ध केलेला समुद्रविज्ञानविषयक नकाशासंग्रह १९७१ साली, म्हणजे मोहीम संपल्यावर सहा वर्षांनी प्रसिद्ध झाला. संशोधनासाठी हा विलंब सह्य होता. मात्र वादळ किंवा त्सुनामीच्या प्रसंगी सहा तासही अधिक ठरतात. निरीक्षणाचा हेतू ज्ञानापासून इशाऱ्याकडे सरकला, तसे समन्वयाचे स्वरूपही बदलणे अपरिहार्य झाले. १९९१ साली जागतिक महासागर निरीक्षण प्रणालीची संकल्पना आंतरशासकीय महासागर आयोगाने स्वीकारली. जागतिक हवामान संघटना, संयुक्त राष्ट्रसंघाचा पर्यावरण कार्यक्रम आणि आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषद हे तिचे सहप्रायोजक आहेत. हिंदी महासागरासाठी तिची प्रादेशिक शाखा २००२ साली मॉरिशस येथे स्थापन झाली आणि तिचे सचिवालय हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडे, म्हणजेच ‘इन्कॉइस’कडे आले.

त्सुनामी इशारा व्यवस्थेची घडण

प्रशांत महासागरात १९४६ च्या त्सुनामीने हवाई बेटांची हानी केल्यावर १९४९ साली इशारा केंद्र निघाले आणि १९६० च्या चिलीमधील भूकंपानंतर १९६५ साली आंतरराष्ट्रीय व्यवस्था उभी राहिली. हिंदी महासागरातही आपत्तीनंतरच पावले उचलली गेली. २००५ साली आंतरशासकीय महासागर आयोगाने या महासागरासाठी समन्वय गट स्थापन केला. आरंभीच्या काळात अमेरिका आणि जपान यांच्या केंद्रांनी तात्पुरती सेवा दिली. भारताचे त्सुनामी पूर्वइशारा केंद्र ऑक्टोबर २००७ मध्ये इन्कॉइस येथे कार्यान्वित झाले. ऑक्टोबर २०११ पासून भारत, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया या तीन देशांच्या केंद्रांनी संपूर्ण प्रदेशासाठी सेवा देण्यास प्रारंभ केला आणि २०१३ मध्ये बाहेरील तात्पुरती सेवा थांबविण्यात आली.

या व्यवस्थेचे कार्य तीन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात निरनिराळ्या देशांतील भूकंपमापकांच्या नोंदींवरून भूकंपाचे स्थान, खोली आणि क्षमता काही मिनिटांत ठरविली जाते. दुसऱ्या टप्प्यात संगणकावर पूर्वीच सोडवून ठेवलेल्या हजारो संभाव्य प्रसंगांतून जुळणारा प्रसंग निवडून कोणत्या किनाऱ्याला किती वेळात, किती उंचीची लाट पोहोचेल, याचा अंदाज बांधला जातो. तिसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष लाट निर्माण झाली की नाही, याची पडताळणी होते. समुद्रतळावर ठेवलेला दाबमापक पाण्याच्या पातळीतील अल्प बदल टिपतो, ध्वनिलहरींद्वारे तो पृष्ठभागावरील बोयाला कळवितो आणि बोया उपग्रहामार्फत केंद्राला संदेश पाठवितो. किनाऱ्यांवरील भरतीमापक या पडताळणीला दुजोरा देतात.

तिसरा टप्पा विशेष महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक मोठा भूकंप त्सुनामी निर्माण करीत नाही. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राच्या पश्चिमेस ८.६ क्षमतेचा भूकंप झाला. त्यात समुद्रतळाचे थर मुख्यतः आडवे सरकले होते, त्यामुळे मोठी लाट उद्भवली नाही. सागरी पातळीच्या नोंदी तत्काळ मिळत असल्यामुळे इशारे मागे घेता आले. पडताळणीअभावी वारंवार खोटे इशारे दिले गेले असते तर लोकांचा विश्वास उडाला असता. एका देशाचा बोया बंद असेल तर त्याची झळ शेजारच्या देशाच्या विश्वासार्हतेलाही बसते, ती याच टप्प्यावर.

इशारा कोणी द्यावा, याचीही विभागणी करण्यात आली आहे. प्रादेशिक सेवा देणारी केंद्रे केवळ वैज्ञानिक माहिती पुरवितात. किनारा रिकामा करण्याचा आदेश देण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राच्या स्वतःच्या केंद्राकडे राहतो. सार्वभौमत्व आणि सहकार्य यांची सांगड घालणारी ही तोड आहे. २००९ पासून ठरावीक अंतराने होणाऱ्या संयुक्त सरावांतून तिची चाचणी घेतली जाते.

आर्गो आणि रामा : सामायिक साधनांचे दोन नमुने

इशारा व्यवस्था आणीबाणीच्या प्रसंगी जागी होते. मान्सूनचा अंदाज, वादळांची तीव्रता आणि हवामानबदल यांच्या अभ्यासासाठी मात्र दैनंदिन निरीक्षण लागते. या क्षेत्रात आर्गो आणि रामा हे दोन प्रकल्प समन्वयाच्या दोन भिन्न पद्धती दाखवितात.

आर्गो तरंगक हे सुमारे माणसाच्या उंचीचे नळकांडे असते. ते साधारण १००० मीटर खोलीवर प्रवाहाबरोबर वाहते, दर दहा दिवसांनी २००० मीटरपर्यंत खाली जाऊन वर येते आणि येताना तापमान व क्षारता मोजते. पृष्ठभागावर आल्यावर ते उपग्रहाला नोंदी देते आणि पुन्हा बुडते. नोव्हेंबर २००७ मध्ये जगभरातील अशा तरंगकांची संख्या ३००० झाली आणि आज ती चार हजारांच्या आसपास असते. तीसहून अधिक देशांनी या प्रकल्पात सहभाग घेतला आहे. प्रत्येक देश स्वतःचे तरंगक विकत घेतो आणि सोडतो, मात्र नोंदी सर्वांसाठी खुल्या असतात. प्राथमिक तपासणीनंतर त्या सुमारे चोवीस तासांत उपलब्ध होतात. फ्रान्समधील ब्रेस्ट आणि अमेरिकेतील माँटेरे येथील दोन केंद्रांत त्या साठविल्या जातात. हिंदी महासागरातील नोंदींच्या गुणवत्तेची प्रादेशिक जबाबदारी इन्कॉइस सांभाळते.

रामा हे विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना नांगरलेल्या बोयांचे जाळे आहे. त्याची उभारणी २००४ साली सुरू झाली आणि मूळ आराखड्यात ४६ बोयांची योजना होती. येथे सहभागाचे तत्त्व निराळे आहे. ज्याच्याकडे उपकरणे आहेत त्याने उपकरणे द्यावीत आणि ज्याच्याकडे जहाज आहे त्याने जहाजाचे दिवस द्यावेत, अशी ही देवघेव होय. अमेरिकेने बहुतांश उपकरणे पुरविली. भारताने ‘सागर कन्या’ आणि ‘सागर निधी’ या जहाजांचा वेळ दिला. जपान, इंडोनेशिया आणि इतर देशांनी आपापला वाटा उचलला. याशिवाय चेन्नईची राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था भारताच्या लगतच्या समुद्रात स्वतंत्र बोये चालविते.

अवकाशातही असे सहकार्य आढळते. फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रक्षेपित झालेला ‘सरल’ हा उपग्रह भारत आणि फ्रान्स यांचा संयुक्त उपक्रम होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सोडण्यात आलेल्या ओशनसॅट मालिकेतील तिसऱ्या भारतीय उपग्रहावर समुद्रातील यंत्रांचे संदेश ग्रहण करणारे फ्रान्सचे ‘आर्गोस’ हे उपकरण बसविलेले आहे. एका देशाच्या यंत्राचा संदेश दुसऱ्याच्या उपग्रहामार्फत तिसऱ्याच्या केंद्रात जातो, ही आता नित्याची गोष्ट झाली आहे.

समन्वयातील अडचणी

पहिली अडचण कायद्याची आहे. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या सागरी कायदाविषयक करारानुसार किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात सागरी संशोधन करण्यासाठी किनारी राष्ट्राची संमती लागते आणि त्याची माहिती किमान सहा महिने आधी द्यावी लागते. जहाजाच्या बाबतीत हा नियम पाळता येतो. परंतु मुक्त समुद्रात सोडलेले तरंगक वाहत वाहत दुसऱ्या देशाच्या क्षेत्रात गेले, तर संमती कोणाची आणि केव्हा घ्यावयाची, हा प्रश्न उरतो. आंतरशासकीय महासागर आयोगाने १९९९ च्या ठरावाद्वारे यावर मध्यममार्ग काढला. आपल्या क्षेत्रात येऊ शकणाऱ्या तरंगकांची आगाऊ सूचना संबंधित किनारी राष्ट्राला द्यावी, असे ठरले. तरीही किनाऱ्यालगतचे प्रवाह, पाण्याची खोली आणि समुद्रातील तापमानाचे थर यांचा पाणबुड्यांच्या हालचालींशी संबंध असल्याने ही माहिती अनेक राष्ट्रांना संरक्षणाच्या दृष्टीने संवेदनशील वाटते. ही शंका निराधार म्हणता येणार नाही. म्हणूनच कोणती माहिती तत्काळ खुली करावयाची आणि कोणती राखून ठेवावयाची, याची स्पष्ट वर्गवारी आवश्यक ठरते. आयोगाचे २००३ चे माहिती धोरण आणि जागतिक हवामान संघटनेचे २०२१ चे एकत्रित माहिती धोरण ही त्या दिशेने टाकलेली पावले आहेत.

दुसरी अडचण देखभालीची आहे. यंत्र बसविताना समारंभ होतो, निधी मिळतो आणि वृत्तपत्रांत छायाचित्र येते. पाचव्या वर्षी त्याची विद्युतघटमाला बदलण्यासाठी जहाज पाठविणे मात्र कोणाच्याही प्राधान्यक्रमात नसते. प्रशांत महासागरात १९८२-८३ चा तीव्र एल निनो वेळेवर न ओळखता आल्यामुळे सुमारे सत्तर बोयांचे जाळे उभारण्यात आले होते. परंतु अमेरिकेने देखभालीचे जहाज २०१२ साली सेवेतून काढल्यावर, २०१४ च्या आरंभापर्यंत त्या जाळ्याकडून अपेक्षित नोंदींपैकी केवळ चाळीस टक्क्यांच्या आसपास नोंदी मिळत होत्या. इंडोनेशियात २०१८ साली पालू येथे त्सुनामी आली, तेव्हा त्या देशाचे बोये २०१२ पासून बंद असल्याचे आपत्ती निवारण यंत्रणेने मान्य केले. पालूच्या आखातात लाटा काही मिनिटांतच पोहोचल्या आणि तेथे खोल समुद्रातील बोयाचा उपयोग मर्यादितच ठरला असता, हे खरे आहे. तथापि सहा वर्षे बंद असलेले जाळे व्यवस्थेची शिथिलता दाखविते.

तिसऱ्या प्रकारच्या अडचणी समुद्रावरच उद्भवतात. बोयाच्या सावलीत मासे जमतात. त्यामुळे मासेमारी नौका बोयाला दोर बांधतात आणि त्यात उपकरणे तुटतात किंवा चोरीस जातात. पश्चिम हिंदी महासागरात सोमाली चाचेगिरीच्या काळात संशोधन जहाजे जाऊ शकली नाहीत आणि रामाच्या त्या भागातील उभारणी लांबणीवर पडली. २०२० साली कोविडच्या साथीमुळे जहाजफेऱ्या रद्द झाल्या आणि देखभालीअभावी अनेक बोये मूक झाले. आर्गो तरंगकांना जहाजभेटीची गरज नसल्याने त्यांचे काम त्या काळातही चालू राहिले. एका साधनावर विसंबून न राहता परस्परपूरक साधने ठेवण्याचे महत्त्व यावरून स्पष्ट होते.

चौथी अडचण विषम वाट्याची आहे. जगातील आर्गो तरंगकांपैकी जवळजवळ निम्मे एकटी अमेरिका पुरविते. एखाद्या देशाच्या अंदाजपत्रकातील कपात दुसऱ्या गोलार्धातील पावसाच्या अंदाजाला बाधक ठरू शकते, ही परिस्थिती दीर्घकाळ सुरक्षित म्हणता येणार नाही.

देशांतर्गत समन्वयाचा प्रश्न

राष्ट्राराष्ट्रांतील सहकार्याइतकाच एका देशातील संस्थांमधील मेळ महत्त्वाचा असतो. भारतात भूकंपाची नोंद एक संस्था घेते, भरतीमापक भारतीय सर्वेक्षण विभागासह अनेकांकडे आहेत, बोये चेन्नईची संस्था सांभाळते, उपग्रह इस्रोचे असतात, वादळाचा अंदाज भारतीय हवामान विभाग देतो आणि लाटांचा इशारा इन्कॉइस देते. किनाऱ्यावरील कृती राज्य शासन आणि जिल्हा प्रशासन यांच्या हाती असते. २००६ साली भूविज्ञान मंत्रालय अस्तित्वात आल्यावर यांपैकी अनेक संस्था एका छत्राखाली आल्या आणि मेळ सुकर झाला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील मान्सूनची प्रतिमाने हे त्याचे चांगले उदाहरण आहे. या प्रतिमानांना गणिताच्या आरंभी महासागराची त्या क्षणाची स्थिती द्यावी लागते आणि ती आर्गो, रामा व उपग्रह यांच्या नोंदींवरून हैदराबादेत तयार होते. विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला मिळणाऱ्या पावसाच्या अंदाजामागे विषुववृत्तावरील बोयाची नोंद असते, ही गोष्ट सहसा ध्यानात येत नाही.

शेवटच्या टप्प्यातील उणीव मात्र २०१७ च्या ओखी चक्रीवादळाने उघड केली. दक्षिणेकडील अनेक मच्छीमार वादळ तयार होण्यापूर्वीच दीर्घ पल्ल्याच्या मासेमारीसाठी समुद्रात गेले होते. भ्रमणध्वनीच्या कक्षेबाहेर असल्याने त्यांना इशारा मिळाला नाही आणि बहुसंख्येने जीवितहानी झाली. याच वादळात वाट चुकलेल्या साठहून अधिक नौका आणि नऊशेहून अधिक मच्छीमार सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या किनाऱ्याला सुखरूप लागले. त्यानंतर २०१९ साली उपग्रहाद्वारे खोल समुद्रातील नौकेवर इशारा पोहोचविणारे ‘जेमिनी’ हे उपकरण सादर करण्यात आले. अंदाज आणि नौका यांमधील दुवा हाही निरीक्षण व्यवस्थेचाच भाग मानला पाहिजे, हे या अनुभवातून दिसून आले.

कोकण किनारा आणि मकरान

पश्चिम किनारा त्सुनामीपासून सुरक्षित आहे, असा सार्वत्रिक समज आढळतो. इतिहास त्याला पुष्टी देत नाही. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे आजच्या पाकिस्तानच्या मकरान किनाऱ्याजवळ ८.१ क्षमतेचा भूकंप झाला. त्यातून उद्भवलेल्या लाटा काही तासांनी मुंबईपर्यंत पोहोचल्या आणि येथेही जीवितहानी झाल्याच्या नोंदी आहेत. मुंबईतील अपोलो बंदराच्या भरतीमापकाने, ज्याच्या नोंदी १८७८ पासून उपलब्ध आहेत, त्या लाटा टिपल्या. त्या काळी कुलाब्यापासून सिंधुदुर्गापर्यंतचा किनारा आजच्या मानाने विरळ वस्तीचा होता. आज त्याच किनाऱ्यावर बंदरे, औद्योगिक प्रकल्प, पर्यटनस्थळे आणि दाट वस्ती आहे.

मकरानच्या भूकंपप्रवण पट्ट्यालगत इराण आणि पाकिस्तान ही राष्ट्रे आहेत आणि समोर ओमानचा किनारा आहे. तेथे उद्भवलेली लाट प्रथम त्या देशांच्या भरतीमापकांवर उमटेल. कोकणाच्या वाट्याला येणाऱ्या काही तासांच्या अवधीचा उपयोग होणे न होणे या परकीय नोंदी हैदराबादेत किती तत्परतेने पोहोचतात, यावर बऱ्याच अंशी अवलंबून राहील. राजकीय संबंध कसेही असले तरी समन्वय गटात ही राष्ट्रे एकत्र बसतात. वायव्य हिंदी महासागरासाठी स्वतंत्र कार्यगटही आहे. सप्टेंबर २०१८ मधील संयुक्त सरावात मकरानचा प्रसंग कल्पून चाचणी घेण्यात आली होती. अन्य सर्व क्षेत्रांत संवाद थांबलेला असतानाही चालू राहणारे असे तांत्रिक दुवे जपणे कोकणवासीयांच्या थेट हिताचे आहे.

इशारा मिळाल्यावर करावयाची कृती हा याचा उत्तरार्ध होय. ओडिशातील वेंकटरायपूर आणि नोलियासाही या गावांना २०२० साली युनेस्कोच्या आयोगाने त्सुनामीसज्ज म्हणून मान्यता दिली. स्थलांतराचे मार्ग, नकाशे, नियमित सराव आणि स्थानिक समिती हे या सज्जतेचे घटक आहेत. कोकणातील कोळीवाडे आणि खाडीकाठची गावे यांनाही हा नमुना अनुसरण्याजोगा आहे. किनारी भागातील महाविद्यालयांना राष्ट्रीय सेवा योजनेच्या माध्यमातून यात भाग घेता येईल.

निष्कर्ष

१. महासागर निरीक्षणाचे यश यंत्रांच्या संख्येपेक्षा त्यांच्या नोंदी एकसूत्री, खुल्या आणि वेळेवर उपलब्ध होण्यावर अवलंबून असते. २००४ साली भूकंपाची नोंद होऊनही इशारा पोहोचला नाही, हे याचे सर्वांत मोठे उदाहरण होय.

२. आर्गोमधील खुल्या नोंदी, रामामधील उपकरणे व जहाजे यांची देवघेव आणि त्सुनामी व्यवस्थेतील अधिकारांची विभागणी हे समन्वयाचे तीन यशस्वी नमुने आहेत. तिन्हींत राष्ट्रांचे सार्वभौमत्व राखून सहकार्य साधलेले दिसते.

३. नव्या यंत्रांच्या खरेदीइतकीच देखभालीची आणि जहाजांच्या दिवसांची दीर्घ मुदतीची तरतूद आवश्यक आहे. तिच्या अभावी उभारलेली जाळी काही वर्षांतच निकामी होतात.

४. एकाच राष्ट्रावर असलेले अवलंबन कमी करण्यासाठी हिंदी महासागराच्या काठावरील देशांनी, विशेषतः भारताने, आपला वाटा वाढविणे इष्ट ठरेल.

५. कोकण किनाऱ्यासाठी मकरानच्या बाजूच्या नोंदी जीवनमरणाच्या आहेत. त्या प्रदेशातील राष्ट्रांशी तांत्रिक सहकार्य अखंड राखणे आणि गावपातळीवर सज्जता निर्माण करणे ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हावयास हवीत.

डिसेंबर २०१५ मध्ये गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत दुसऱ्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचा प्रारंभ झाला. पहिल्या मोहिमेतून जन्मलेल्या संस्थेतच दुसरीचा आरंभ व्हावा, ही उचित गोष्ट होती. पहिल्या मोहिमेच्या नोंदी एकत्र मांडण्यास वर्षे लागली, तेच काम आता तासांत आणि मिनिटांत होऊ लागले आहे. मिनिटांत तयार होणारा तो इशारा हर्णै, देवगड किंवा मालवणच्या बंदरावर उभ्या असलेल्या माणसाला तितक्याच वेळेत समजावा आणि त्याने काय करावयाचे हे त्याला आधीच ठाऊक असावे, एवढी या सर्व समन्वयाची कसोटी आहे.